आधी बाकीच्यांचा हिशोब, मग लोहाचा: ऑक्सिडीकरण अंक कसा काढायचा

सोडियम दिसलं की +१, कॅल्शियम दिसलं की +२, ॲल्युमिनियम दिसलं की +३. इथपर्यंत कुणाचंच अडत नाही. लोह आलं की मात्र पेन्सिल थबकते. कारण ते कुठे +२ असतं, कुठे +३, क्वचित +६ आणि कधी कधी चक्क शून्य. मग नवखा विद्यार्थी एकतर नाव बघून अंदाज ठोकतो, नाहीतर पाठ केलेली यादी आठवत बसतो. माझं म्हणणं असं की लोहाचा अंक पाठ करायचाच नाही. संयुगातल्या बाकी सगळ्यांचा हिशोब आधी मिटवायचा आणि जे उरेल ते लोहाच्या खात्यावर मांडायचं. लोहाचा अंक म्हणजे त्या खात्यातली बाकी.

हा अंक मोजतो तरी काय?

दोन अणूंमध्ये बंध असतो तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन दोघांच्या मध्ये असतात. ऑक्सिडीकरण अंक काढताना आपण एक करार मानतो: ज्या अणूची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, जास्त, त्याला बंधातले सगळे इलेक्ट्रॉन देऊन टाकायचे. असं वाटप केल्यावर प्रत्येक अणूवर जो प्रभार दिसेल, तो त्याचा ऑक्सिडीकरण अंक. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू जोडलेले असतील तर इलेक्ट्रॉन निम्मे निम्मे. हे वाटप कागदावरचं आहे. लोहाचा अंक +६ आला म्हणजे त्या अणूवर खरोखर सहा धन प्रभार बसलेत असं नाही. हे सुरुवातीलाच डोक्यात पक्कं असलं की पुढे अपूर्णांकी उत्तर आलं तरी घाबरायला होत नाही.

लोहाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन. बाहेरच्या बाजूला चौथ्या कवचाच्या एस उपकवचात २ आणि तिसऱ्याच्या डी उपकवचात ६. एसमधले दोन गेले की +२. डीमधला आणखी एक गेला की +३, आणि मग डीमध्ये पाच इलेक्ट्रॉन उरतात, पाच जागांवर एकेक. नेहमीच्या संयुगांत लोह या दोन थांब्यांपैकी एकावर सापडतं. म्हणून उत्तर +२ किंवा +३ सोडून काही वेगळं आलं तर हिशोब पुन्हा एकदा बघायचा. पुन्हा तेच आलं तर मात्र ते मान्य करायचं. पुढे तशी उदाहरणं येतीलच.

ज्यांचे अंक ठरलेले आहेत ते

लोहाच्या संयुगांपुरती लागणारी शिदोरी फार मोठी नाही. सुट्या मूलद्रव्याचा अंक शून्य, म्हणजे लोखंडाच्या खिळ्यातल्या लोहाचाही शून्यच. फ्लुओरिन नेहमी −१. लिथियम, सोडियम, पोटॅशियम संयुगांत +१. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम +२. हायड्रोजन अधातूंशी जोडलेला असेल तर +१. ऑक्सिजन −२, फक्त पेरॉक्साइडसारख्या संयुगांत, जिथे दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून असतात, तिथे वेगळा. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड −१.

आणि एक शेवटची अट: उदासीन संयुगात सगळ्या अंकांची बेरीज शून्य, आयनात ती आयनाच्या प्रभाराइतकी.

एवढ्यावर काम भागतं, पण वेळ वाचवायचा असेल तर काही मूलकं, म्हणजे एकत्र वावरणारे प्रभारित गट, एकगठ्ठा ओळखायला शिका. हायड्रॉक्साइड −१, नायट्रेट −१, सायनाइड −१, सल्फेट −२, कार्बोनेट −२, ऑक्सॅलेट −२, फॉस्फेट −३, अमोनियम +१. लोहाच्या बाबतीत मला ही यादी वरच्या नियमांपेक्षाही जास्त कामाची वाटते. कारण पुढच्याच उदाहरणात कळेल.

पायरी पायरीने: फेरिक ऑक्साइड आणि फेरिक सल्फेट

सोप्यापासून सुरू करू. फेरिक ऑक्साइडच्या रेणुसूत्रात २ लोह आणि ३ ऑक्सिजन.

पहिली पायरी, लोहाचा अंक क्ष माना. एका अणूचा, लक्षात ठेवा, दोघांचा मिळून नाही.

दुसरी, ज्यांचे अंक माहीत आहेत ते लिहा. ऑक्सिजन −२.

तिसरी, प्रत्येकाचा अंक त्याच्या अणूंच्या संख्येने गुणून बेरीज मांडा आणि ती संयुगाच्या एकूण प्रभाराइतकी करा. इथे संयुग उदासीन, म्हणून शून्य:

२क्ष + ३ × (−२) = ०

चौथी, सोडवा. २क्ष = ६, म्हणून क्ष = +३.

इथे घसरणारे बहुतेक जण शेवटच्या पायरीवर घसरतात. ६ आलं की तेच उत्तर म्हणून लिहून मोकळे. ती दोन लोहांची मिळून बेरीज असते. गंमत अशी की +६ हा लोहाचा अंक खरोखर अस्तित्वात आहे, त्यामुळे चुकीचं उत्तरही खरं वाटायला लागतं. भागाकार विसरू नका.

आता फेरिक सल्फेट. २ लोह, आणि कंसात सल्फेट, कंसाबाहेर ३. अणू सुटे करून गेलात तर गंधकाशी गाठ पडते. त्याचा अंक वरच्या यादीत नाही, कारण तो स्वतःच −२ पासून +६ पर्यंत फिरतो. दोन अज्ञात आणि समीकरण एकच, मग अडलात. सल्फेट −२ असं एकगठ्ठा घेतलं की मात्र:

२क्ष + ३ × (−२) = ०, क्ष = +३

फेरिक ऑक्साइडचंच समीकरण. पडताळून बघायचं असेल तर सल्फेटातला गंधक काढा: तो अधिक चार ऑक्सिजनचे −८ मिळून −२, म्हणजे गंधक +६. मग अणूंनी मोजा: २क्ष + ३ × ६ + १२ × (−२) = ०, म्हणजे २क्ष + १८ − २४ = ०, पुन्हा +३. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात, पण पहिली अर्ध्या ओळीत संपते.

मोहरचं मीठ: लांबलचक सूत्राला भिऊ नका

फेरस अमोनियम सल्फेट, प्रयोगशाळेतलं मोहरचं मीठ. सूत्रात २ अमोनियम, १ लोह, २ सल्फेट आणि ६ पाण्याचे रेणू. नवख्याला हे सूत्र बघूनच घाम फुटतो, अणू मोजत गेलं तर वहीचं अर्धं पान जातं. तुकडे पाडा. पाण्याचा रेणू उदासीन, त्याच्या दोन हायड्रोजनचे +२ आणि ऑक्सिजनचे −२ आपसात मिटतात. म्हणून स्फटिकजल सहा रेणूंचं असो की सात, हिशोबातून सरळ वगळा. उरलं ते:

२ × (+१) + क्ष + २ × (−२) = ०

क्ष = +२.

हे मीठ प्रयोगशाळेत का जपून ठेवतात त्याचाही या अंकाशी संबंध आहे. साधं फेरस सल्फेट, ज्याला हिराकस म्हणतात, ताजं असताना फिक्या हिरव्या रंगाचं असतं. एकदा टायट्रेशनसाठी, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण थेंबथेंब घालून लोह किती ते मोजायला, मी कपाटातली जुनी बाटली काढली, तर स्फटिकांवर पिवळट तपकिरी थर. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत फेरस, आत मात्र हवेतल्या ऑक्सिजनने काही लोह +२ वरून +३ वर नेऊन ठेवलेलं. चिठ्ठीवर विश्वास ठेवून द्रावण केलं आणि आकडा कमी आला. पोटॅशियम परमँगनेट फक्त +२ लोहाशी प्रक्रिया करतं. आधीच +३ झालेल्या लोहाकडून त्याला घ्यायला काही उरलेलंच नसतं. मोहरचं मीठ हवेत यापेक्षा बरंच टिकतं, म्हणून टायट्रेशनला तेच वापरतात.

त्या टायट्रेशनमध्येही हिशोब अंकांचाच आहे. मँगनीज +७ वरून +२ वर उतरतं, म्हणजे ५ इलेक्ट्रॉन घेतं. लोह +२ वरून +३ वर चढतं, म्हणजे १ देतं. म्हणून एका परमँगनेटला पाच फेरस आयन लागतात.

चौकटी कंसातलं लोह

पोटॅशियम फेरोसायनाइड आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही जोडी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं छळत आली आहे. दोन्हींत १ लोह आणि ६ सायनाइड चौकटी कंसात. फरक बाहेरच्या पोटॅशियममध्ये: पहिल्यात ४, दुसऱ्यात ३.

अशा संयुगात आधी कंसाबाहेर बघा. ४ पोटॅशियम म्हणजे +४, म्हणजे कंसातल्या पूर्ण आयनावर ४ ऋण प्रभार. आता आत शिरा: क्ष + ६ × (−१) = −४, क्ष = +२. दुसऱ्यात बाहेर +३, आत क्ष − ६ = −३, क्ष = +३. फेरो म्हणजे +२ आणि फेरि म्हणजे +३ हे यातूनच दिसतं, वेगळं पाठ करायला नको.

कंसातले सोबती उदासीनही असू शकतात. पाणी, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड यांच्यासाठी शून्य धरा. सहा पाण्याचे रेणू घेऊन बसलेल्या लोह आयनावर एकूण २ धन प्रभार असेल तर लोह +२, ३ असेल तर +३. सहा फ्लुओराइड आणि एकूण ३ ऋण प्रभार असेल तर क्ष − ६ = −३, पुन्हा +३.

आता या प्रकारातलं माझं आवडतं उदाहरण, प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला हा गडद निळा रंग. सूत्रात कंसाबाहेर ४ लोह, आणि आत एक लोह व सहा सायनाइड असलेला आयन, तो ३ वेळा. म्हणजे एकाच संयुगात लोह दोन ठिकाणी. एकच क्ष मांडला तर ७क्ष + १८ × (−१) = ०, उत्तर १८ भागिले ७, म्हणजे साधारण २.५७. बेरीज चुकलेली नाही, पण हा आकडा कुठल्याच लोहाबद्दल काही सांगत नाही, तो सरासरी आहे. नीट करायचं तर आतला आयन ओळखा. तो फेरोसायनाइडचा, प्रभार −४. तीन आयनांचे −१२. बाहेरच्या चार लोहांनी मिळून +१२ भरायचे, प्रत्येकी +३. आतलं लोह +२. आता सरासरी ताडून बघा: ४ × ३ + ३ × २ = १८, ७ लोहांत. जुळलं.

त्याचा गडद निळा रंगही यातूनच येतो. +२ लोहावरून +३ लोहाकडे इलेक्ट्रॉन सरकताना प्रकाश शोषला जातो. फेरिक आयनाच्या द्रावणात फेरोसायनाइड टाकलं की झटकन निळा रंग येतो, ती चाचणी हीच.

अपूर्णांक आला तर

मॅग्नेटाइट या लोहाच्या खनिजात ३ लोह, ४ ऑक्सिजन. ३क्ष = ८, क्ष = ८ भागिले ३. इथे विद्यार्थी खोडरबर शोधायला लागतो. शोधू नका. तीनपैकी एक लोह +२ आणि दोन +३, बेरीज ८. म्हणूनच काही जण याचं सूत्र फेरस ऑक्साइड आणि फेरिक ऑक्साइड असं जोडून लिहितात. स्फटिकात मात्र हे दोन वेगळे ढीग नसतात. साध्या तापमानाला काही जागांवरच्या लोहांमध्ये एक इलेक्ट्रॉन सतत इकडून तिकडे उड्या मारतो, त्यामुळे ऑक्साइड असूनही मॅग्नेटाइटमधून वीज बऱ्यापैकी वाहते. सुमारे १२० केल्विनच्या खाली नेलं की या उड्या जवळपास थांबतात आणि रोध एकदम वाढतो.

याहून विचित्र प्रकरण फेरस ऑक्साइडचं. पुस्तकात १ लोह, १ ऑक्सिजन, अंक +२. प्रत्यक्षातल्या स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्या असतात, आणि सूत्र एका ऑक्सिजनमागे ०.९५ लोह असं काहीसं भरतं. मग ०.९५क्ष = २, क्ष सुमारे २.१. याचा अर्थ लावायला १०० ऑक्सिजन घ्या. त्यांचे −२००. ९५ लोहांनी +२०० भरायचे. सगळे +२ असते तर १९० झाले असते, १० कमी पडतात. म्हणजे ९५ पैकी १० लोह +३ वर आणि उरलेले ८५ +२ वर. शाळेतलं जुनं कोंबड्या आणि बकऱ्यांच्या पायांचं गणित, तेच.

पायराइटचा सापळा

पायराइट या खनिजात १ लोह, २ गंधक. सल्फाइड −२ हे डोक्यात घेऊन गेलात तर लोह +४. नियम पाळलात, बेरीज बरोबर, उत्तर चूक. पायराइटमध्ये दोन गंधक एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीवर मिळून −२ असतो, जसं पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजनचं असतं. प्रत्येक गंधक −१, लोह +२. सूत्रावरून हे कळत नाही, रचना माहीत असावी लागते. म्हणून लोहाचं +४ दिसलं की आधी सोबत्यांवर संशय घ्या: ते आपसात तर जोडलेले नाहीत ना?

चाल्कोपायराइट हे खनिज आणखी चिवट. १ तांबं, १ लोह, २ गंधक. इथले गंधक मात्र सुटे, प्रत्येकी −२. म्हणजे तांबं आणि लोह मिळून +४. तांबं +२ आणि लोह +२? की तांबं +१ आणि लोह +३? दोन्ही बेरजा बसतात. कागदावर निकाल लागत नाही. स्फटिकाचा अभ्यास दुसऱ्या बाजूने कौल देतो, तांबं +१, लोह +३. दोन धातू असे असतील की दोघांचेही अंक बदलतात, तर समीकरण एकट्याने पुरत नाही हे मान्य करावं.

असाच वाद तपकिरी कड्याच्या चाचणीचा. नायट्रेट ओळखताना नळीत जो कडा दिसतो, त्यातल्या आयनात १ लोह, ५ पाणी, १ नायट्रिक ऑक्साइड, एकूण २ धन प्रभार. नायट्रिक ऑक्साइड +१ धरला तर लोह +१, आणि बरीच पाठ्यपुस्तकं तेच सांगतात. वर्णपटाच्या अभ्यासातून मात्र लोह +३ आणि नायट्रिक ऑक्साइड −१ असंही वर्णन पुढे आलं आहे. परीक्षेत तुमच्या पुस्तकातलं उत्तर लिहा, पण हा अंक करारातून येतो हे इथे उघडं पडतं हे विसरू नका.

नाव वाचताना

फेरस म्हणजे +२, फेरिक म्हणजे +३. शेवट 'अस' तो कमी, 'इक' तो जास्त. नवीन पद्धतीत लोह लिहून कंसात अंक रोमन आकड्यात देतात. ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांच्या नावाने ओळखली जाते. लिहिताना एक छोटी शिस्त: ऑक्सिडीकरण अंकात चिन्ह आधी, +३. आयनाच्या प्रभारात आकडा आधी, ३+. तपासणारा यावरून तुमची समज ओळखतो.

हातात द्रावण असेल तर नावापेक्षा चाचणी बरी. सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाका: +२ असेल तर मळकट हिरवा अवक्षेप, +३ असेल तर तांबूस तपकिरी. हिरवा अवक्षेप तसाच ठेवला तर वरच्या कडेने तपकिरी व्हायला लागतो. हवा लोहाला +३ कडे नेत असते, ते डोळ्यांसमोर दिसतं. थायोसायनेटने +३ लोह रक्तासारखं लाल होतं.

हात साफ करायला

खालची पाच स्वतः सोडवा, मग उत्तरं बघा.

लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीतलं: १ लिथियम, १ लोह, १ फॉस्फेट.

गंजातला एक घटक: १ लोह, १ ऑक्सिजन, १ हायड्रॉक्साइड.

पोटॅशियम फेरेट: २ पोटॅशियम, १ लोह, ४ ऑक्सिजन.

आयर्न पेंटाकार्बोनिल: १ लोह, ५ कार्बन मोनॉक्साइड.

सोडियमचं कार्बोनिल संयुग: २ सोडियम, आणि कंसात १ लोह व ४ कार्बन मोनॉक्साइड.

पहिल्यात १ + क्ष − ३ = ०, लोह +२. ही बॅटरी चार्ज होताना लिथियम आयन बाहेर पडतो, उरतं लोह आणि फॉस्फेट, आणि लोह +३ होतं. सेल वापरताना ते परत +२ वर येतं. दुसऱ्यात क्ष − २ − १ = ०, +३. तिसऱ्यात २ + क्ष − ८ = ०, +६. हे तेच +६ ज्याबद्दल वर सांगितलं. याचं द्रावण परमँगनेटसारखं जांभळं असतं आणि ते जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, कारण लोहाला तिथून खाली +३ वर यायची घाई असते. चौथ्यात सोबती सगळे शून्य, म्हणून लोहही शून्य, संयुगात असूनही. पाचव्यात बाहेर +२, म्हणून कंसावर −२, आतले चारही सोबती शून्य, आणि ते −२ घ्यायला लोहाशिवाय दुसरं कुणीच उरत नाही. लोह −२. धातू असला म्हणून त्याचा अंक ऋण येणार नाही असं नाही.